दुसरा बाण : बुद्धाची शिकवण आणि वैद्याचे कर्तव्य

अष्टांगहृदयाचे अध्ययन ज्या मंगलाचरणाने सुरू होते, ते आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केले आहे. राग, द्वेष आदी रोग प्राण्यांना सतत चिकटलेले असतात, सर्व शरीर व्यापून राहतात आणि औत्सुक्य, मोह व अरति उत्पन्न करतात. या रोगांचा समूळ नाश करणाऱ्या अपूर्व वैद्यास वाग्भटाने तेथे वंदन केले आहे. हा अपूर्व वैद्य म्हणजे भगवान बुद्ध होत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. परीक्षेपुरता श्लोक पाठ करून आपण पुढे दोष-धातूंकडे वळतो. ज्वरादी रोगांचे वर्णन करण्याआधी रागाला रोग म्हणणारा आचार्य चिकित्सकाला काय सुचवीत आहे, हा विचार मात्र व्यवसायाच्या धकाधकीत राहून जातो. माझाही तो राहून गेला होता. एका रुग्णाने मला तो करावयास लावला.

मुळशीतील एक अनुभव

मुळशी तालुक्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यासमोर दोन जगे एकाच बाकावर येऊन बसतात. पश्चिमेकडे ताम्हिणीच्या बाजूस मुसळधार पावसाचा, भातशेतीचा प्रदेश आहे. पूर्वेकडे पिरंगुटचे कारखाने आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्या आहेत. एकाची तक्रार कंबरेची, दुसऱ्याची झोपेची. काही वर्षांपूर्वी धरणाच्या बाजूच्या एका गावातील सत्तरीकडे झुकलेले शेतकरी कटिशूलासाठी माझ्याकडे आले. क्ष-किरण चित्र पाहून मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "आबा, मणके झिजले आहेत. आता जपून राहा." योगराज गुग्गुळ, महारास्नादि काढा व अभ्यंगासाठी तेल दिले आणि पुढील रुग्णास बोलावले.

दोन वर्षांनी त्यांची पत्नी त्यांना हाताला धरून घेऊन आली. या काळात ते शेतावर गेले नव्हते, दोन्ही वर्षांची आवणी त्यांनी घरात बसून काढली होती. स्नायू क्षीण झाले होते, अग्नी मंद झाला होता, झोप गेली होती. मी कारण विचारले. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना, मणके झिजलेत म्हणून? वाकलो आन् मोडला म्हंजी? पांगळ्याचं कोण करणार?"

वास्तविक, या वयात मणक्यांची झीज कोणतीही वेदना नसलेल्या अनेक माणसांच्या चित्रातही दिसते. हे मला ठाऊक होते, परंतु ते मी त्यांना सांगितले नव्हते. त्यांच्या कंबरेचे दुखणे वाताचे होते. दोन वर्षांचे अंथरूण मात्र माझ्या एका वाक्याचे होते. त्या रात्री मला पाली वाङ्मयातील एक सूत्र आठवले.

दोन बाणांचा दृष्टान्त

संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात बुद्धाने एक साधा प्रश्न उपस्थित केला आहे. दुःखद वेदना अज्ञ माणसालाही होते आणि ज्ञानी माणसालाही होते. मग दोघांत फरक काय? उत्तर असे की, अज्ञ मनुष्य शारीरिक वेदनेने स्पर्शिला गेला की शोक करतो, छाती बडवतो, गोंधळून जातो. एक बाण लागलेल्या माणसास लगेच दुसरा बाण मारावा, तशी त्याची स्थिती होते. त्याला दोन वेदना भोगाव्या लागतात, एक कायेची व दुसरी चित्ताची. ज्ञानी माणसास पहिला बाण लागतोच. दुसरा लागत नाही.

या सूत्राचा पुढील भाग चिकित्सकाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. अज्ञ मनुष्याला दुःखातून सुटण्याचा इंद्रियसुखाखेरीज अन्य मार्ग माहीत नसतो, म्हणून तो सुखोपभोगाकडे धावतो. मद्यपान, तंबाखू, अवेळी खाणे, मध्यरात्रीपर्यंत मोबाइलच्या पडद्याकडे पाहत राहणे, या सवयींचा इतिहास नीट घेतला तर बहुधा त्यांच्या मुळाशी कोणते ना कोणते न सोसवणारे दुखणे सापडते. केवळ सवय सोडा असे सांगून ती का सुटत नाही, हे येथे स्पष्ट होते.

बुद्धाने पहिला बाण नाकारला नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे. जरा, व्याधी, मरण, प्रियवियोग ही दुःखे आहेत असे त्याने स्पष्ट सांगितले. नकुलपिता नावाचा वृद्ध, व्याधिग्रस्त गृहस्थ त्याच्याकडे आला असता, शरीर आतुर झाले तरी चित्त आतुर होऊ न देण्याचा अभ्यास कर, असा उपदेश त्याने केला. रोग्यासाठी आपल्या संहितांत येणारा 'आतुर' हाच शब्द तेथे चित्तालाही लावला आहे.

चतुःसत्य आणि चिकित्सा

दुःख, दुःखसमुदय, दुःखनिरोध आणि निरोधाकडे नेणारा मार्ग ही चार आर्यसत्ये होत. रोग, रोगहेतू, आरोग्य आणि भैषज्य या चिकित्साशास्त्राच्या चार अंगांशी त्यांचे साम्य उघड आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्याने योगशास्त्राची मांडणी करताना चिकित्साशास्त्राच्या याच चार अंगांचा दाखला दिला आहे. चरकाचार्यांनीही हेतू, लिंग, प्रशमन आणि रोगाचा अपुनर्भव या चार गोष्टींचे ज्ञान असणाऱ्यास श्रेष्ठ वैद्य म्हटले आहे. कोणी कोणाकडून घेतले हा वाद येथे अनावश्यक आहे. एकाच भूमीत, एकाच प्रकारे विचार करणाऱ्या माणसांनी दुःखाकडे कारण असलेली आणि म्हणून दूर होऊ शकणारी गोष्ट म्हणून पाहिले, एवढे पुरेसे आहे.

हे साम्य शब्दांपुरते नाही. शारीरस्थानाच्या पहिल्या, कतिधापुरुषीय अध्यायात चरक उपधेला, म्हणजे तृष्णेला, दुःखाचे परम कारण म्हणतात. रेशमाचा किडा स्वतःच्याच तंतूंनी स्वतःचा घात करून घेतो, तसा अज्ञ मनुष्य विषयांतून तृष्णेचे तंतू काढून त्यांत गुरफटतो, हा दृष्टान्तही तेथेच आहे. मन आणि सेंद्रिय देह हे दोन्ही वेदनेचे अधिष्ठान होत, असे तो अध्याय सांगतो. कटिशूलाच्या रुग्णाचा देह तपासून मन न तपासणारा वैद्य अर्धेच अधिष्ठान तपासतो.

दैवाचा भोग की दोषांचा प्रकोप?

खेड्यातील रुग्ण अनेकदा म्हणतो, "भोग आहेत हे, डॉक्टर. मागल्या जन्माचं फेडायचं." अशा वेळी सीवकसुत्त उपयोगी पडते. मनुष्यास जे काही सुख वा दुःख होते ते सर्व पूर्वकर्मानेच होते, हे मत बरोबर आहे काय, असे मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धास विचारले. बुद्धाने ते मत अमान्य केले आणि वेदनेची आठ कारणे सांगितली : पित्त, श्लेष्मा, वात, त्यांचा सन्निपात, ऋतूंचे परिवर्तन, विषम आहारविहार, आघातादी बाह्य उपद्रव आणि कर्मविपाक. आठांपैकी सात कारणे आपल्या निदानस्थानातील वाटावीत अशी आहेत. आपले दुखणे हे आपल्या पापाचे फळ आहे, ही समजूत फार खोल रुतणारा दुसरा बाण आहे. तो काढण्यासाठी तत्त्वज्ञानाची गरज नाही. पावसाळ्यातील वातप्रकोप सोप्या शब्दांत समजावून सांगितला तरी रुग्णाचा चेहरा सैलावतो.

विनयपिटकातील महावग्गात वैद्यकाची आणखी बरीच सामग्री आहे. शरदऋतूत भिक्षूंना आजार होऊन खाल्लेले अन्न उलटू लागले, तेव्हा बुद्धाने तूप, लोणी, तेल, मध व फाणित या पाच औषधांची अनुज्ञा दिली. शरदातील पित्तप्रकोप आणि त्यावरील घृताचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच ग्रंथात अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्षूची कथा आहे. बुद्धाने आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः स्नान घातले, उचलून मंचकावर निजवले आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रुग्णाची सेवा करावी असे संघास सांगितले. त्यानंतर रुग्णाचे व परिचारकाचे प्रत्येकी पाच गुण दिले आहेत. रुग्णाने हितकर तेच करावे, हितकरातही मात्रा जाणावी, औषध घ्यावे, आपला आजार खरा सांगावा, वेदना सोसावी. परिचारकाने औषध तयार करण्यास समर्थ असावे, पथ्यापथ्य जाणावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र वा वांती काढताना किळस मानू नये आणि योग्य वेळी धर्मकथेने रुग्णास धीर द्यावा. चरकाच्या चतुष्पादाशेजारी ही यादी ठेवून वाचावी. मैत्री आणि धीर देणारे वचन यांना तेथे औषध तयार करण्याच्या कौशल्याबरोबरीचे स्थान आहे.

सति म्हणजेच स्मृती

आज सर्वत्र चर्चिल्या जाणाऱ्या सजगतेचा मूळ पाली शब्द 'सति' होय आणि त्याचे संस्कृत रूप 'स्मृति'. हा शब्द आपल्याला परका नाही. धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश म्हणजे प्रज्ञापराध, ही व्याख्या आपण रोज वापरतो. मानस दोषांच्या उपचारांत चरकांनी ज्ञान, विज्ञान, धैर्य व समाधी यांच्याबरोबर स्मृती सांगितली आहे. तिच्या उत्पत्तीची आठ कारणे देताना त्यांत सत्त्वानुबंध व अभ्यास यांचा समावेश केला आहे. पदार्थांचा स्वभाव स्मरणात ठेवणारा दुःखातून मुक्त होतो, असेही सांगितले आहे. मात्र हा अभ्यास रोज कसा करावा, याची पायरीपायरीने दिलेली कृती आपल्या चिकित्साग्रंथांत विस्ताराने येत नाही. सतिपट्ठानसुत्तात ती येते. काय, वेदना, चित्त व धर्म या चार ठिकाणी अवधान ठेवावे. आरंभ श्वासापासून करावा. श्वास दीर्घ असेल तर दीर्घ आहे, ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व आहे एवढेच जाणावे. प्राणायामाप्रमाणे तो नियंत्रित करावयाचा नसतो. सत्त्वावजय हे जे चिकित्सेचे तिसरे अंग आपण बहुधा उत्तरपत्रिकेतच ठेवतो, त्याला हातात घेण्याजोगे साधन येथे मिळते.

आहाराच्या बाबतीतील एक कथा उद्बोधक आहे. कोसलाचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात जेवून धापा टाकीत बुद्धाकडे आला. बुद्धाने त्याला भात वर्ज्य करावयास सांगितले नाही. सजग राहून मात्रा जाणणाऱ्याची पीडा कमी होते व त्याचे वय सावकाश सरते, अशा आशयाची गाथा म्हटली. राजाने आपल्या सुदर्शन नावाच्या तरुण सेवकास जेवणाच्या वेळी ती म्हणण्याचे काम दिले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला. आंबेमोहोर पिकवणाऱ्या शेतकऱ्यास "भात बंद" असे लिहून दिलेला कागद घरी पोचेपर्यंत निष्फळ होतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. ताट वाढणाऱ्या व्यक्तीस समोर बसवून मात्रा ठरवून दिली, तर ती व्यक्ती सुदर्शनाचे काम करते.

या मातीतील परंपरा

हा विचार मुळशीकरांना दूरचा वाटू नये. डोंगर ओलांडला की मावळात भाजे, बेडसे व कार्ले येथील लेणी आहेत. त्यांतील सर्वांत जुनी दोन हजार वर्षांहून अधिक प्राचीन आहेत. भिक्षू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत आणि या कातळात त्यांच्यासाठी निवासाबरोबर पाण्याच्या पोढीही खोदल्या गेल्या. अर्वाचीन काळात गोव्यातील धर्मानंद कोसंबी १८९९ साली ज्ञानाच्या शोधात पुण्यास आले, पुढे सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकले आणि १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. त्यांच्या ग्रंथांमुळे बुद्धचरित्र मराठी वाचकाच्या घरी आले. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथून जवळच देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली.

साधनेच्या अंगाने आपल्या व्यवसायाशी थेट निगडित नाव म्हणजे सत्यनारायण गोएंका. ब्रह्मदेशातील हे व्यापारी तीव्र अर्धशिशीने त्रस्त होते; वेदनाशमनासाठी त्यांना मॉर्फीन द्यावे लागे आणि त्याचे व्यसन जडण्याची भीती होती. १९५५ साली ते रंगून येथे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखी बरी करण्यासाठी आला असशील तर हा मार्ग त्यासाठी नाही, असे सांगून गुरूंनी त्यांना प्रथम प्रवेश नाकारला. चित्तशुद्धीचा हेतू मान्य झाल्यावरच त्यांना दीक्षा मिळाली, डोकेदुखीही गेली. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरे सुरू झाली. दहा दिवसांच्या या शिबिरांना शुल्क नसते. अमेरिकेत १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, नेहमीच्या उपचारांनी आराम न पडलेल्या जीर्ण वेदनेच्या रुग्णांसाठी सजगतेचा आठ आठवड्यांचा उपक्रम सुरू केला. तेथूनच हा विषय आधुनिक रुग्णालयांत पोचला.

मर्यादांचे भान

उत्साहाच्या भरात काही गोष्टी विसरू नयेत. उन्माद, तीव्र विषाद, आत्मघाताचे विचार असलेल्या रुग्णास ध्यानाचा सल्ला देऊन घरी पाठवणे हा अपराध होय. त्यास मनोविकारतज्ज्ञाकडेच पाठवावे. गंभीर मनोविकार असलेल्यांना विपश्यना शिबिरांतही प्रवेश न देण्याचे धोरण असते. अपस्मार, मधुमेह, रक्तदाब यांची चालू औषधे ध्यानाच्या भरवशावर थांबवू नयेत. कटिशूलासोबत पायांची शक्ती कमी होणे, मलमूत्राचे नियंत्रण जाणे, ताप वा वजन घटणे अशी लक्षणे असतील तर आधी तपासणी, मग उपदेश.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. याच तालुक्यात १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली धरणात जमिनी बुडणाऱ्या शेतकऱ्यांचा सत्याग्रह झाला. ज्याची जमीन गेली त्याला 'तृष्णा सोडा' असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा होय. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीविषयीच प्रश्न उपस्थित केला आणि माणसाने माणसाला दिलेल्या दुःखाकडे लक्ष वेधले. कर्ज, बेकारी, घरातील मारहाण हे पहिले बाण आहेत. त्यांवर डोळे मिटून श्वास पाहणे हा उपाय नाही, आणि ज्यावर उपाय आहे ते सोसण्याचा उपदेश करणे हे वैद्याचे काम नाही.

चिकित्सालय व औषधालयासाठी

माझ्या त्या रुग्णाकडे परत येतो. मी प्रथम माझी चूक कबूल केली. चित्र पुन्हा उजेडात धरून सांगितले की, आबा, हे केस पांढरे होण्यासारखे आहे. वाकल्याने मणका मोडणार नाही. स्नेहन, स्वेदन व मात्राबस्ती दिली, चालण्याचा क्रम ठरवून दिला. शिवाय सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे उताणे पडून श्वास पाहावा आणि दुखणे कोठे सुरू होते, किती वेळ टिकते, कोठे सरते एवढेच लक्षात घेऊन मला सांगावे, असे सुचवले. तीन आठवड्यांनी ते म्हणाले, "ठणका येतो आन् जातो, डॉक्टर. बसून ऱ्हात नाही. मलाच वाटायचं, बसलाय म्हणून." अनित्यतेवर मी वाचलेल्या कोणत्याही भाष्यापेक्षा हे वाक्य मला अधिक स्पष्ट वाटले. त्यांचे दुखणे संपले नाही. पुढच्या आषाढात मात्र ते खाचरात उतरले, चार ओळी लावल्या आणि बांधावर बसून बाकीच्यांना सूचना देत राहिले.

या अनुभवानंतर मी काही नियम स्वतःस घालून घेतले आहेत. नाडीवर बोटे ठेवण्यापूर्वी स्वतःचे दोन-तीन श्वास पाहावेत. आधीच्या रुग्णाची घाई पुढच्या रुग्णाच्या नाडीत शिरू नये. निदान सांगितल्यावर, तुम्हाला काय समजले ते मला सांगा, असे विचारावे. 'झिजले', 'सुकले', 'आता आयुष्यभर' हे शब्द वापरण्यापूर्वी ते खरे आणि आवश्यक आहेत काय, हे तपासावे. अष्टांगिक मार्गातील सम्यक् वाचा ही वैद्याच्या बाबतीत चिकित्सेचाच भाग आहे. आणि जो अभ्यास आपण स्वतः रोज करीत नाही, तो दुसऱ्यास लिहून देऊ नये.

औषधालयचालक बंधुभगिनींचे स्थान याहून महत्त्वाचे आहे, कारण झोप न येणारा माणूस अनेकदा वैद्याआधी तुमच्या दुकानाची पायरी चढतो. अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी ही उत्तम द्रव्ये आहेत. परंतु बाटली हातात देण्यापूर्वी किती दिवसांपासून त्रास आहे, इतर कोणती औषधे चालू आहेत, शेवटचा चहा केव्हा घेता, मोबाइल केव्हा ठेवता आणि मनात काय घोळते, हे विचारण्यास पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत कदाचित एखादी बाटली कमी खपेल. ज्याला उपचारांची निकड आहे असा मनुष्य मात्र वेळीच ओळखला जाईल.

पहिला बाण काढण्याचे शास्त्र आपल्या हाती परंपरेने आले आहे. दुसरा बाण रुग्ण स्वतःला मारतो, कधी समाज मारतो आणि कधी, माझ्याकडून झाले तसे, वैद्यच मारतो. निदान हा तिसरा प्रकार टाळणे पूर्णपणे आपल्या स्वाधीन आहे. वाग्भटाचे मंगलाचरण यापुढे म्हणताना एवढे स्मरण राहिले, तरी त्या अपूर्व वैद्यास केलेला नमस्कार सार्थ होईल.